साधं तपकिरी खोकं: हातच्या मालासाठी कोल्हापुरात मिळणाऱ्या स्वस्त पॅकिंगची पारख

चप्पल, साज, मसाला, साबण, मातीच्या वस्तू, गोधड्या. असा हाताने बनवलेला माल घरातून किंवा लहान कारखान्यातून विकणाऱ्यांनी पॅकिंगवर पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत, यासाठी ही पारख आहे. मुख्य वस्तू एकच: गठ्ठ्याने मिळणारं, वर काही न छापलेलं, तीन प्लायचं तपकिरी खोकं. सोबत त्याला लागणारी साथ, म्हणजे स्टिकर, पाऊच, कापडी पिशवी, टेप आणि आतला भराव. आमचं मत आधीच सांगतो. मालाच्या मापाचं साधं खोकं आणि त्यावर एक नेटकं स्टिकर, एवढ्यात बहुतेकांचं काम होतं. चार रंगांत छापलेलं चकचकीत खोकं महिन्याला शंभर-दीडशे पार्सलं पाठवणाऱ्याला परवडत नाही. त्यावरचा खर्च मापावर आणि सीलवर केला तर माल शाबूत पोचतो आणि देखणाही दिसतो.

खोकी दोन जातीची मिळतात. चार पाकळ्यांचं खोकं खाली-वर टेप लावून बंद होतं. दुसरं डायवर, म्हणजे कापण्याच्या साच्यावर, कापलेलं, लॉकचं. झाकणाच्या जिभा आत सरकवल्या की ते टेपशिवाय बंद होतं आणि पेटीसारखं उघडतं. देखणं दुसरंच, यात वाद नाही. पण त्याला पुठ्ठा किती जास्त लागतो याकडे घेणाऱ्याचं लक्ष नसतं. आतलं माप ८ × ६ × ३ इंच धरलं तर चार पाकळ्यांच्या खोक्याला साधारण २६५ चौरस इंच पुठ्ठा लागतो, लॉकच्या खोक्याला ४२० च्या आसपास. म्हणजे दीडपटीहून जास्त. भावातला फरक तिथून येतो.

आता वजनाचा हिशेब पाहा, कारण खरेदीत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. तीन प्लाय म्हणजे वरचा सपाट कागद, मधला नळीदार कागद आणि आतला सपाट कागद. नळीदार कागद वळ्यांमुळे जास्त लागतो. फ्लूट म्हणजे या नळ्यांची जात. तीन मिलिमीटर जाडीच्या बी फ्लूटमध्ये नळीदार कागद सपाट कागदाच्या सुमारे १.३५ पट असतो. तिन्ही थर १२० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमचे) असतील तर पुठ्ठा चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजेच चौरस इंचाला पाव ग्रॅमहून किंचित जास्त. वरचं चार पाकळ्यांचं खोकं मग ७० ग्रॅमच्या जवळ भरायला हवं आणि लॉकचं ११० ग्रॅमच्या. दुकानात खोकं उलगडून सपाट करा, लांबी-रुंदी मोजा, चौरस इंचांना ०.२६ ने गुणा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ‘१२० चा कागद आहे’ म्हणून दिलेलं खोकं ७० ऐवजी ५० ग्रॅम भरलं तर कागद हलका आहे, मग भाव कितीही कमी असो. दोन दुकानांचे भाव जुळवतानाही नगाचा भाव सांगून भागत नाही. खोक्याच्या वजनाने भागून किलोला काय पडतं ते काढा. तेव्हाच कळतं की एक रुपया स्वस्त मिळालेलं खोकं खरं तर महाग होतं.

वजनाशिवाय तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. नळ्यांवर अंगठा दाबून सोडला की पुठ्ठा परत वर यायला हवा. खड्डा तसाच राहिला तर नळ्या आधीच चेपलेल्या आहेत, गठ्ठा कुठेतरी वजनाखाली पडून होता. दुसरं, घडीची रेघ पूर्ण दुमडून बाहेरचा कागद बघा. तिथे तडा गेला तर क्रीज जास्त खोल पडली आहे किंवा कागद फार कोरडा आहे, आणि पार्सल बरोबर त्याच रेघेवर फाटतं. तिसरं, खोकं जुळवून टेबलावर ठेवा. चारही कोपरे टेकायला हवेत. तिरकं बसणाऱ्या खोक्याचं झाकण कधीच नीट मिटत नाही, मग त्यावर कितीही सुंदर स्टिकर लावा.

बी फ्लूट की ई फ्लूट, हा प्रश्न नेहमी येतो. ई फ्लूट दीड मिलिमीटर जाड, अंगाने गुळगुळीत आणि दिसायला नाजूक. दागिने, साबण, लहान भेटवस्तूंना तेच शोभतं. पण कुरिअरच्या पोत्यात ते एकटं टाकू नये. ते आतलं खोकं समजा. थेट कुरिअरला जाणारं खोकं बी फ्लूटचंच असावं. पाच प्लाय फक्त जड मालाला किंवा एकत्र दहा-बारा नग पाठवताना घ्यावा.

माप

माप देताना लांबी × रुंदी × उंची हा क्रम आणि ‘आतलं माप’ हे शब्द लिहूनच द्या. तीन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यात लांबी-रुंदीला बाहेरून सहा मिलिमीटर आणि उंचीला, पाकळ्या एकमेकींवर येत असल्यामुळे, सेंटीमीटरभर वाढ होते. बाहेरचं माप आतलं समजून घेतलेल्या खोक्यात माल बसतो, पण कोंबून बसतो आणि झाकण फुगतं.

मापाचा खरा पैसा कुरिअरच्या बिलात दिसतो. बहुतेक खासगी कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे घेतात, तेही बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने. कोल्हापुरी चप्पल याचं चांगलं उदाहरण आहे. बुटांचं नेहमीचं खोकं साधारण ३२ × २० × १२ सेंटीमीटरचं. गुणाकार ७६८०, भागिले ५००० म्हणजे १.५४ किलो, आणि बिल दोन किलोचं. कोल्हापुरीला मात्र बुटासारखी उंची नाही. जोड शेजारी-शेजारी, एकीचा अंगठा दुसरीच्या टाचेकडे असा उलटसुलट ठेवला तर २९ × २० × ७ सेंटीमीटरमध्ये बसतो. हिशेब येतो ०.८१ किलो, बिल एक किलोचं. एवढ्या एका बदलाने प्रत्येक पार्सलमागे किलोभराचे पैसे वाचतात. सबंध वर्षाचा स्टिकरचा खर्च त्यातून निघावा.

तयार मापांतून निवडायचं असेल तर माल मोजून प्रत्येक बाजूला अर्धा ते एक सेंटीमीटर मोकळीक धरा. फुटणाऱ्या वस्तूंना ती पाच सेंटीमीटर. स्वतःच्या मापाचा डाय करून घेण्याचा मोह लवकर होतो. डायचा खर्च एकदाच येतो, पण कारखाना त्यासाठी मोठ्या संख्येची ऑर्डर मागतो आणि पावसाळ्यात एवढी खोकी घरात साठवणं अवघड जातं. एकच वस्तू एकाच मापात वर्षभर खपत असेल तेव्हाच डाय करा. तोवर दोन तयार मापं पुरतात, एक लहान आणि एक चपटं मोठं.

चप्पल

खोक्याचं माप वर आलं. आत काय घालायचं, हे जास्त महत्त्वाचं आहे. कोल्हापुरीचं कातडं पारंपरिक पद्धतीत बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि बंद प्लास्टिकमध्ये ठेवलं की पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. म्हणून पारदर्शक प्लास्टिक पिशवी, ती कितीही चकचकीत दिसली तरी, या मालाला वाईटच. सिलिका जेलच्या पुड्यांवरही फार विसंबू नये. सिलिका बंद जागेतलाच ओलावा ओढते. कापडी पिशवी आणि पुठ्ठ्याचं खोकं हवा आत येऊ देतं, त्यामुळे पुडी थोड्याच काळात भरून निकामी होते. खरा उपाय पॅक करण्याआधीचा आहे. तेल दिलेली चप्पल सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवा आणि मगच खोक्यात घाला.

पट्ट्याखाली चुरगळलेला कोरा कागद भरा, नाहीतर वरच्या वजनाने पट्टा चपटा होतो आणि कान मुडपतात. दोन्ही चपलांच्या मध्ये बटर पेपरचा एक ताव घाला. तेलाचा डाग आणि लाल गोंड्याचा रंग, दोन्ही तिथेच अडतात. वर्तमानपत्र नको. त्याची शाई फिक्या कातड्याला लागली की पुसून निघत नाही.

इथे कापडी पिशवी हा सगळ्यात चांगला सौदा आहे आणि त्याचं कारण इचलकरंजी. मागावरून उतरलेलं कोरं, न धुतलेलं सुती कापड इतक्या जवळ सहसा कुणाला मिळत नाही. एका जोडाला १० × १३ इंचांची पिशवी पुरते. शिवणीला दोन्ही बाजूंना अर्धा इंच, तोंडाला नाडीसाठी दीड इंच दुमड, म्हणजे कापायचा तुकडा ११ × २९ इंचांचा. ४४ इंच पन्ह्यात असे चार तुकडे आडवे बसतात आणि १० मीटर कापडात ५२ पिशव्या होतात. शिलाईचा दर नगावर ठरवा, तासावर नको. कोऱ्या कापडात खळ असते. पहिल्या धुण्यात ते आटतं आणि ओल लागली तर त्यावर काळे ठिपके येतात. पिशवी परत वापरण्यासारखी असावी असं वाटत असेल तर कापड आधी धुऊन घ्या. छपाई एका रंगाची स्क्रीनची करावी. शाई सुकल्यावर मागच्या बाजूने इस्त्री फिरवली तर ती पक्की होते. हे टाळणाऱ्यांचा छापा दोन धुण्यांत फिका पडतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचं चिन्ह खोक्यावर छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. नोंद नसताना छापू नये. चप्पल कुठल्या गावात, कुठल्या कातड्याची, हाताने शिवलेली आहे हे खेळायच्या पत्त्याएवढ्या चिठ्ठीवर लिहिलं तरी ग्राहकाला हवी ती माहिती मिळते.

मसाला

कांदा-लसूण मसाल्याचं पॅकिंग सगळ्यात जास्त बिघडतं आणि बिघडण्याची कारणं नेहमी तीच असतात. हा मसाला कोरड्या भुकटीसारखा नाही. तळलेला कांदा, खोबरं, तीळ यांचं तेल त्यात असतं. तेल सीलमधून बाहेर झिरपतं, हवा आत येते आणि खवट वास धरतो.

तपकिरी कागदाचे, उभे राहणारे, पुढे खिडकी असलेले पाऊच दिसायला सुरेख असतात आणि हल्ली सगळीकडे तेच दिसतात. मसाल्यासाठी आम्ही ते सुचवणार नाही. खिडकीतून प्रकाश शिरतो आणि मिरचीचा रंग उतरतो. कागदाचा बाहेरचा थर तेलाचा एक थेंब लागला तरी डागाळतो आणि तो डाग दुकानातल्या फळीवर लगेच नजरेत भरतो. तोच कागदी पाऊच खिडकीशिवाय, आतून चंदेरी थर असलेला घ्यावा. तीन थरांचा आहे का ते विचारा: बाहेर कागद किंवा पॉलिस्टर, मध्ये चंदेरी फिल्म, आत सील होणारं पॉलिथिन, आणि अन्नासाठी योग्य असल्याची खात्री. पाऊचवर ‘२०० ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. मसाला किती बारीक दळला आहे त्यावर तो किती जागा घेतो हे ठरतं. पाच पाऊच आणून स्वतःचा मसाला भरून बघा. झिपच्या वर सीलसाठी दोन बोटं जागा उरली पाहिजे.

सील करणं हे खरं कौशल्याचं काम. घरगुती हँड सीलरची तार बहुधा दोन मिलिमीटर रुंद असते. तेलकट मालाला एक सील पुरत नाही. पाच मिलिमीटर अंतर सोडून दुसरं सील मारा. भरताना रुंद तोंडाचं नरसाळं पाऊचच्या खोलवर घाला. सील पडणाऱ्या जागी मसाल्याचा कण किंवा तेल राहिलं तर तिथे प्लास्टिक चिकटतच नाही. आत कोरडं कापड फिरवून मग सीलर दाबा. सीलरचा दिवा विझल्यावर लगेच हात उचलू नका, एक-दोन सेकंद दाबून धरा. गरम प्लास्टिक थंड होतानाच जुळतं.

उष्णता बरोबर आहे का हे सील ओढून कळतं. सील सहज उकललं तर उष्णता कमी. कडेला सुरकुत्या पडल्या, प्लास्टिक आक्रसलं तर जास्त. सील शाबूत राहून शेजारची फिल्म फाटली तर बरोबर. पहिल्या दहांपैकी एक पाऊच पाण्यात बुडवून हलका दाबावा, बुडबुडा आला तर ती सेटिंग बदला. सीलरवरचं टेफ्लॉनचं कापड करपलं की प्लास्टिक त्याला चिकटायला लागतं. ते कापड बदलता येतं, मशिन टाकून द्यायची गरज नाही.

लेबलवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, घटक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, किती तारखेपर्यंत वापरावा हे आलंच. त्याशिवाय २०११ च्या पॅकबंद मालाच्या वजनमाप नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क हेही हवं. ही माहिती पाऊचच्या मागे एका पांढऱ्या स्टिकरवर घ्या आणि तारखेची जागा कोरी सोडा. तारीख नंतर शिक्क्याने मारता येते, मग एकच स्टिकर वर्षभर चालतं.

गुळाच्या बाबतीत वेगळं सांगण्यासारखं एवढंच, की त्याचा शत्रू तेल नसून ओल आहे. एक किलोच्या खोक्यात आतलं प्लास्टिक नीट सील केलेलं नसेल तर जुलैमध्ये गूळ पाझरतो आणि पुठ्ठा मऊ पडतो.

साज आणि चांदी

हुपरीची चांदी असो की सोन्याचं पाणी दिलेला साज, काळं पडण्याचं मोठं कारण गंधक. रबर बँडमध्ये गंधक असतं, वर्तमानपत्रातही असू शकतं. पैंजणाची जोडी रबर लावून पाठवणं म्हणजे काळा पट्टा स्वतःच तयार करणं. सुती दोरा वापरा. दागिना मऊ, कोऱ्या टिश्यूत गुंडाळून लहान झिप पाऊचमध्ये घाला, शक्य तेवढी हवा दाबून काढा आणि सोबत काळं न पडू देणारी कागदी पट्टी ठेवा. ही पट्टी झिपच्या आत असायला हवी. खोक्यात सुटी टाकली तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

मखमली, चुंबक लावलेल्या कडक पेट्या महाग पडतात आणि आकारामुळे कुरिअरही वाढवतात. त्याऐवजी काडेपेटीसारखी सरकणारी पेटी, ३०० ते ३५० जीएसएमच्या पुठ्ठ्याची, स्वस्त आणि देखणी. ठुशी आणि साज खोक्यात हलले की गुंततात. ३०० जीएसएमच्या कार्डाला दोन बाजूंना तिरक्या चिरा द्या, गोंडे त्यांतून मागे घेऊन बांधा. दागिना उघडताक्षणी गळ्यात असावा तसा दिसतो आणि एक इंचही सरकत नाही. या कार्डाला वेगळी छपाई लागत नाही. गडद लाल किंवा हिरवा रंगीत कार्डपेपर कापून घेतला तरी सोनेरी मणी त्यावर उठून दिसतात.

साबण, मेणबत्त्या, मातीच्या वस्तू

तेल आणि कास्टिकपासून बनवलेला साबण पूर्ण मुरल्यावरही थोडा सुकतच राहतो. त्याला कागदाचा पट्टा आणि उघड्या बाजू चालतात. वितळवून ओतलेल्या ग्लिसरीन साबणाचं उलट. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, साबणावर घाम येतो आणि कागद चिकटून फाटतो. त्याला आधी घट्ट फिल्म आणि मगच कागद. दोन्ही साबणांना एकच पॅकिंग देणाऱ्यांच्या तक्रारी पावसाळ्यात हमखास वाढतात. साबण सौंदर्यप्रसाधनात मोडतो, त्यामुळे परवाना क्रमांकाची जागा लेबलवर ठेवावीच लागते. मेणबत्त्या एप्रिल-मेमध्ये दुपारच्या गाडीत वाकतात, त्याला कुठलंच स्वस्त पॅकिंग उपाय नाही. त्या दोन महिन्यांत डब्यात ओतलेल्या मेणबत्त्याच पाठवाव्यात.

मातीची भांडी, पणत्या, मूर्ती यांच्या बाबतीत मात्र साध्या खोक्याची खरी परीक्षा होते. वस्तू आधी बबलमध्ये गुंडाळा, बुडबुड्यांची बाजू आत. ती बी फ्लूटच्या लहान खोक्यात बसवा आणि ते खोकं मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी पाच सेंटीमीटर भराव देऊन. हात, कान, तोटी असे बाहेर आलेले भाग आधी वेगळे गुंडाळून मग अंगाबरोबर सारखे करा. मार त्यांनाच बसतो. पोकळ भांड्याच्या आतही कागद भरा.

भरावाचं म्हणाल तर कागदाची कातरण दिसायला छान, पण धक्का फारसा झेलत नाही. ती हलक्या मालापुरती ठेवा. चुरगळलेला तपकिरी कागद घट्ट गोळे करून भरला तर उत्तम चालतो. मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार कागद अर्धवट ओढून गुंडाळणं ही नेहमीची चूक. घरं पूर्ण उघडून एकमेकांत अडकतील एवढा ताण द्यावा लागतो, नाहीतर तो साधा कागदच. भाताचं पिंजर आणि उसाचं पाचट फुकट मिळतं, म्हणून ते भरण्याची कल्पना पुढे येते. त्यात किडे आणि ओल दोन्ही येतात, आणि उघडणाऱ्याच्या घरभर कचरा होतो. ते नकोच.

खोकं बंद केल्यावर हलवा. आत आवाज आला तर भराव कमी आहे. मग टेबलाच्या उंचीवरून, सुमारे ७६ सेंटीमीटरवरून, दहा वेळा टाकून बघा: एकदा कोपऱ्यावर, त्याच कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर एकेकदा आणि सहा बाजूंवर एकेकदा. हलक्या पार्सलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हाच क्रम असतो. ही परीक्षा चांगल्या वस्तूवर करायची गरज नाही, भट्टीत तडकलेली, टाकाऊ वस्तू घ्या. नवीन तडा गेला तर दिसतोच.

स्टिकर, शिक्का, टेप

खोक्याला चेहरा स्टिकरने येतो, म्हणून इथे हिशेब नीट करावा. डिजिटल प्रेसवर १२ × १८ इंचांचा ताव घेतात. त्यावर ५० मिलिमीटरचे गोल स्टिकर ४० बसतात. तेच ४५ मिलिमीटरचे केले तर ५४ बसतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, नगाचा भाव मात्र चौथा हिस्सा उतरतो. कटिंग हाफ-कट सांगा, म्हणजे मागचा कागद शाबूत राहून स्टिकर एकेक सुटतो.

मराठी मजकुराची एक अडचण इथे वारंवार येते. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फाँट बदलतो, जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्राच्या रेषांत, बदलूनच पीडीएफ द्या आणि छापण्याआधी एक प्रत काढून मोठ्याने वाचा. देवनागरी सात-आठ पॉइंटच्या खाली नेऊ नका, मात्रा आणि अनुस्वार भरून जातात. तपकिरी स्टिकरवर फिके रंग मरतात, कारण साध्या डिजिटल मशिनवर पांढरी शाई नसते. जिथे पांढरं हवं तिथे कागदाचा तपकिरी रंगच दिसतो. तपकिरीवर काळा एकच रंग घ्या किंवा सरळ पांढरा कागद घ्या. घरच्या इंकजेटवर छापलेलं स्टिकर ओल्या बोटाने पुसलं जातं, लेझरचं नाही. मसाला आणि साबणाला कागदी ऐवजी न फाटणारं प्लास्टिक स्टिकर योग्य.

रबरी शिक्का सगळ्यात स्वस्त. मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यावर मोठा शिक्का मारला की आतल्या नळ्यांमुळे पट्टे पट्टे उठतात. शिक्क्यामागे जाड फोम लावून घेतला तर ठसा सारखा येतो. चकचकीत कागदावर शिक्का वापरूच नका, शाई सुकत नाही.

टेप ४८ मिलिमीटरची घ्या. वर सांगितलेल्या ८ इंचांच्या खोक्याला खाली-वर एकेक पट्टी, दोन्ही टोकांना दोन-दोन इंच खाली वळवून, म्हणजे २४ इंच टेप लागते. ६५ मीटरच्या रोलमध्ये शंभराच्या वर खोकी व्हायला हवीत. ऐंशीतच रोल संपला तर मीटर कमी भरलेले आहेत, पुढच्या वेळी रोल वजन करून घ्या. तपकिरी कागदी टेप देखणी दिसते, पण धूळ असलेल्या पुठ्ठ्यावर पावसाळी हवेत तिचं टोक सुटतं. कोरडं कापड फिरवून, मग लावून तळहाताने घासा.

साठवण

हवेत ओल वाढली की पुठ्ठ्याची भार पेलण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये मे महिन्यातलंच खोकं तेवढं वजन पेलेल असं धरू नका. त्या दिवसांत पार्सलं एकावर एक कमी रचा, जड माल असेल तर तेवढ्यापुरता पाच प्लाय घ्या. गठ्ठे जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर, आडवे ठेवा. उभे ठेवले की पुठ्ठा वाकतो आणि मग खोकं तिरकं जुळतं. नळ्यांमध्ये झुरळं आणि कसर घर करतात, म्हणून खोक्यांजवळ मसाला किंवा गूळ उघडा नको. पावसाळ्याआधी सहा आठवड्यांपुरता माल भरा, त्याहून जास्त नको. पहिल्यांदाच घेत असाल तर दोन मापांचा प्रत्येकी एकच गठ्ठा आणि स्टिकरचे दोन ताव घ्या.